बोटीत कुणी कुठे बसायचं

बोट घ्यायची ठरली आणि त्या घरात चार पक्ष झाले.

नवऱ्याचा पक्ष गाद्यांचा. तो खुर्च्या-सोफे मढवणारा, बापापासूनचा धंदा. कुठेही गेला तरी आधी बसायची जागा चाचपून बघणार. डॉक्टरकडे गेला तर काय दुखतंय ते राहिलं बाजूला, तपासणीच्या खाटेचं रेक्झिन किती दिवस टिकेल हे आधी सांगणार. सासूबाईंचा पक्ष छपराचा. डोक्यावर ऊन नको आणि डबा ठेवायला कोरडी जागा हवी, बाकी बोट हिरवी असो की निळी, त्यांचं काही म्हणणं नव्हतं. भिंगरीचा, म्हणजे त्यांच्या नातीचा, पक्ष वेगाचा. आणि चौथा पक्ष सूनबाईंचा, एकटीचा, चाकाचा. ती शहराच्या बसवर ड्रायव्हर होती. गोल चाक हातात नसेल तर त्याला वाहन म्हणायचं कशाला, असं तिचं साधं सरळ मत होतं.

अण्णा, तिचे सासरे, कुठल्याच पक्षात नव्हते. गंमत अशी की बोट घ्यायची होती ती त्यांच्यासाठीच.

गेल्या वर्षी अण्णा आजारी पडले. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र रुसला तो रुसलाच. सुई धरणारा हात तो. त्या हाताने त्यांनी दुकान उभं केलं होतं, आणि दोन्ही हातांनी दर सुट्टीला तळ्यावर वल्ही मारली होती. नाव घड्याळवाल्या दोस्ताची आणि वल्ही अण्णांची, अशी त्यांची वाटणी. घड्याळवाला बोलायचा, अण्णा वल्हवायचे, मासे मिळाले तर मिळाले. आता वल्ही म्हटली की दोन हात हवेत. घड्याळवाल्यानेही नाव विकून टाकली आणि तो लेकीकडे राहायला गेला. अण्णा दुकानाच्या मागच्या खोलीत स्टुलावर बसू लागले, दोऱ्यांच्या रिळांकडे तोंड करून. चहा देऊ का म्हटलं तर "माझं झालं." फिरायला येता का म्हटलं तर "माझं झालं आता." डावा हात धडधाकट होता, पण तो त्यांच्या लेखी हात नव्हताच. जन्मभर त्याने नुसतं कापड धरून ठेवण्याचं काम केलं होतं.

हे सगळं सुनेला बघवेना. तिला बसवर नोकरी लागली तेव्हा सगळं घर तोंडात बोटं घालून बसलं होतं. एकटे अण्णा म्हणाले होते, "गाडीला काय कळतंय, चाकावर बाई आहे की बुवा? जाऊ दे तिला." हा माणूस स्टुलावर बसून असाच संपणार, ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती. त्यांना पुन्हा पाण्यावर न्यायचं, मग त्यासाठी काहीही करावं लागो, असं तिने मनाशी पक्कं केलं. तेवढ्यात दुकानाला एका सिनेमागृहाच्या खुर्च्या मढवायचं मोठं काम मिळालं, त्यातून चार पैसे बाजूला पडले. चारच. नव्या बोटींच्या किमती ऐकून नवरा म्हणाला, "एवढ्यात नांगर येईल. दोर आपला आपण आणायचा." म्हणून मग वापरलेली बोट बघायची ठरली.

पहिली बोट स्वस्त होती. बोटवाला तिचं कौतुक करताना थकत नव्हता. "सुईसारखी आहे बघा, पाणी कापत जाते!" सुईचं नाव काढल्यावर सोफेवाला खूश. ती लांबलचक आणि इतकी अरुंद होती की दोन माणसं शेजारी बसायची तर आधी भांडण मिटवून बसावी लागली असती. धक्क्याला बांधलेल्या त्या बोटीत सगळे चढले. अण्णा वरच थांबले. "मला कुणी उचलायचं नाही," एवढं मात्र त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

आता या कुटुंबाची एक जुनी खोड सांगायलाच हवी. घरात कुणी एकाने "ते बघा!" म्हटलं की सगळेच्या सगळे एकाच खिडकीशी धावतात. खाली रस्त्यावर नुसती गाडी घसरली असली तरी वर यांचं कपाळावर कपाळ आपटतं. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय. तर भिंगरी म्हणाली, "ते बघा, बदक!"

सगळे डावीकडे. बोटही डावीकडे. गार पाणी आत आलं, सासूबाईंची एक चप्पल बाहेर गेली, नवरा "आई, धर!" म्हणून ओरडला आणि सासूबाईंनी त्याचाच कान धरला. बोटवाल्याने वरून दोर खेचून सगळ्यांना सरळ केलं.

"बोट उत्तम आहे हो," तो घाम पुसत म्हणाला. "तुमचं कुटुंबच एका बाजूला कलतंय!"

धक्क्यावर उभ्या अण्णांच्या ओठाचा एक कोपरा हलला. सुनेला ते दिसलं. भिजलेल्या पायांनी घरी जाताना ती सगळ्या वाटेत उगाचच हसत होती.

दुसरी बोट दातांच्या डॉक्टरची होती. त्याने हौसेने घेतली होती, तीनदा वापरली, आणि तिन्ही वेळा त्याला ओकाऱ्या झाल्या. दवाखान्याच्या मागच्या अंगणात, चाकाच्या गाड्यावर ती उभी होती, ताडपत्रीखाली. डॉक्टरने ताडपत्री ओढली आणि सूनबाई दोन पावलं पुढे आल्या.

बोट लाल होती. नुसती लाल नाही, धुऊन पुसून चकचकीत. आणि तिला चाक होतं. पुढे काच, काचेवर आरसा, आणि आरशाखाली मुठीत बरोबर बसेल अशा कडेचं, काळ्या चामड्याने गुंडाळलेलं चाक. ती शिडीवरून वर कधी चढली आणि चाकामागे कधी बसली हे तिचं तिलाच कळलं नाही. बसचं चाक वळवताना खांदे भरून येतात, इथे एका बोटाने काम झालं असतं. तिने चाक डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. तिला समोर दवाखान्याची भिंत दिसेना, पाणी दिसायला लागलं. थांबा नाही, सिग्नल नाही, सुट्ट्या पैशांवरून वाद नाही!

"छप्पर आहे," सासूबाई खालून म्हणाल्या. म्हणजे त्यांचा पक्षही फुटला.

"आणि सीट बघा हो, सीट!" नवरा एकेका गादीवर बसून उठत होता. "शिवण थोडी उसवली आहे, ती मी एका दुपारी करतो. अण्णा, ही तुमची जागा. मधली. पाठीला टेका, दोन्ही बाजूंना हात. राजासारखं बसायचं."

शिडी भक्कम होती. अण्णा कठडा धरून सावकाश चढले, कुणाला हात लावू दिला नाही. ते मधल्या गादीवर बसले. नवऱ्याने मोठ्या प्रेमाने त्यांच्या छातीवरून पट्टा घेतला आणि खट्कन लावला. "आता कितीही लाटा येऊ देत. तुम्ही काही करायचं नाही, नुसतं बसायचं."

बसच्या ड्रायव्हरची नजर सवयीनेच आरशाकडे जाते. सुनेची गेली. आरशात अण्णा दिसले. ते त्या पट्ट्याकडे बघत होते.

"छान आहे," अण्णा म्हणाले. "पोतं असंच बांधतात." मग त्यांनी डाव्या हाताने खटका सोडवला आणि तितक्याच शांतपणे म्हणाले, "तुम्ही घ्या ही. मजा करा सगळे. मी घर सांभाळीन."

डॉक्टर म्हणाला की दुसरं एक गिऱ्हाईक मागे लागलंय, संध्याकाळपर्यंत काय ते सांगा. किंमत ऐकली तर चार पैशांतले चारही जात होते, पण बसत होती बरोबर.

गाडीत नवरा हळूच म्हणाला, "घेऊ या. आज नाही म्हणतायत, उद्या येतील. माणसाचा स्वभाव आहे."

"येतील," ती म्हणाली. आणि स्वतःचाच तिला राग आला, कारण तिच्या तळहातांना अजून ते चामडं लागत होतं आणि तिला ती लाल बोट हवी होती. अगदी लहान मुलासारखी हवी होती. मागच्या सीटवर अण्णा खिडकीबाहेर बघत बसले होते.

घरी जायच्या आधी तळ्याच्या धक्क्यावर थांबायचं होतं. तिथे मासे धरणाऱ्यांना बर्फ विकणाऱ्या एक काकू होत्या, त्यांच्या खुर्चीची गादी दुकानात शिवायला आली होती, ती परत द्यायची होती. काकू साठीच्या पुढच्या, आवाज असा की तळ्याच्या पलीकडचा माणूसही वळून बघेल. त्यांनी गादी दाबून पाहिली, "बरी आहे" म्हणाल्या, आणि बोटीच्या शोधात निघालेल्या कुटुंबाची हकिगत ऐकून धक्क्याखाली बोट दाखवलं.

"ती बघा. आमची आहे. मालक गेल्यापासून मीच चालवत होते, आता गुडघे नाही म्हणतात. घेता?"

खाली पाण्यावर एक राखाडी पत्र्याची बोट होती. रुंद, सपाट बुडाची, टोकाला बोथट. आत तीन आडव्या फळ्या बसायला, आणि मागे छोटं इंजिन, त्याला पुढे आलेला एक दांडा. संपलं.

"छप्पर?" सासूबाईंनी विचारलं.

"आभाळ आहे की," काकू म्हणाल्या.

"हिला चाकच नाही!" भिंगरी म्हणाली.

सुनेने तर दुसऱ्यांदा बघितलंही नाही. ही कसली बोट? ही परात. पण काकूंनी सांगितलेली किंमत लाल बोटीच्या निम्म्याहून कमी होती, त्यामुळे नवऱ्याचे पाय घुटमळले. आणि त्या घुटमळण्यात एक गोष्ट झाली, ती आधी कुणाच्या लक्षातच आली नाही. धक्का तिथे बुटका होता आणि बोट त्याला अगदी लागून, हलत-डुलत नव्हती. अण्णा धक्क्याच्या काठावर बसले, पाय आत सोडले आणि सरकून बोटीत उतरले. कुणी हात दिला नाही, कुणी विचारलं नाही. वळून बघतात तो अण्णा मधल्या फळीवर बसलेले.

"ही निदान बोटीसारखी दिसते," ते म्हणाले.

सून झटकन काकूंकडे वळली. "काकू, एक फेरी मारायची?"

"मारा! मी येते की. पण माझं दुकान कोण बघणार?"

सासूबाईंनी पदर खोचला. त्यांना एका चपलेच्या अनुभवानंतर पाण्यात जायची घाई नव्हतीच. काकूंनी बाकी सगळ्यांच्या गळ्यात तरंगणारी जाकिटं अडकवली आणि स्वतः पुढच्या टोकाला जाऊन बसल्या. नवरा आणि भिंगरी त्यांच्यामागे. "तुम्ही ड्रायव्हर ना? मग बसा मागे, धरा दांडा. मूठ पिळली की वेग, सोडली की कमी. दांडा इकडेतिकडे केला की वळते. त्यात काय शिकवायचंय!"

अण्णा मधल्या फळीवर मागे तोंड करून बसले होते. वल्हवणारा माणूस तसाच बसतो, जिकडे जायचं तिकडे पाठ करून. पुढची वाट खांद्यावरून मागे बघून शोधायची. सवयच त्यांची. त्यामुळे सून आणि सासरे समोरासमोर आले आणि दांड्याची मूठ दोघांच्या मध्ये.

भिंगरीने मागे येऊन इंजिनाची दोरी ओढली. दोन वेळा नुसतं खोकलं, तिसऱ्यांदा सुरू झालं आणि भिंगरी आनंदाने किंचाळली. बोट धक्क्यापासून सुटली. सरळ जाण्यात काही अवघड नव्हतं. वारा सुटला, पाणी पत्र्याखाली टकटक वाजायला लागलं, आणि सूनबाईंना वाटलं, परात असली तरी परात पळते बरं का! तिने मूठ आणखी पिळली.

समोर उजव्या अंगाला मासे धरणाऱ्यांचे खांब पाण्यातून वर आले होते, एका ओळीत, जाळी बांधलेले. लांब होते अजून.

"ते बघा!" भिंगरी ओरडली. "मासा उडाला!"

झालं. नवरा आणि लेक एकदम डावीकडे. काकू "अरे, अरे!" करत राहिल्या. आणि सूनबाईही डावीकडेच बघायला लागल्या, घराण्याचं पाणी लागलं होतं तिलाही. मान परत वळवते तो खांब जवळ आलेले. ती घाबरली नाही. गाडी चालवणारी बाई, डावीकडे घ्यायची तर डावीकडे वळवायचं. तिने दांडा डावीकडे ढकलला.

बोट उजवीकडे गेली.

तिने अजून जोरात डावीकडे ढकलला. बोट अजून उजवीकडे, थेट खांबांवर. तिला काही सुचेना. हात जे करत होते ते बरोबर होतं, इतकी वर्षं बरोबरच होतं! आणि पुढे काळे खांब मोठे मोठे होत चालले होते.

अण्णांनी एकदा खांद्यावरून मागे पाहिलं. मग त्यांचा डावा हात पुढे आला, तिच्या हातावर पडला, आणि त्यांनी दांडा उलट्या बाजूला असा काही रेटला की तिचं कोपर बाजूच्या पत्र्यावर आदळलं.

"मूठ सोड, पोरी! वेग कमी कर!"

तिने मूठ सैल केली. बोट जड म्हशीसारखी वळली, शेवटचा खांब हाताच्या अंतरावरून मागे गेला, जाळ्यावर बसलेला एक पक्षी शिव्या देत उडाला.

"बसा खाली!" अण्णा गरजले. त्यांचा असा आवाज घराने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "ज्याने त्याने आपापल्या फळीवर बसायचं! मासा काय आज पहिल्यांदा उडाला?"

दोघं बसली. पट्कन बसली.

"अण्णा," ती धापा टाकत म्हणाली, "उलटं वळतं हे."

"मग? पाण्यावर सगळं उलटंच असतं." ते हे इतक्या सहज म्हणाले, जसं काही तिला बटण कसं लावायचं ते सांगत होते. "उजवं वल्हं ओढलं की नाव डावीकडे जाते. आणि आपण बसलेलो पाठमोरे. जन्म गेला त्यात." त्यांचा हात अजून मुठीवर होता. दांडा थोडा इकडे, थोडा तिकडे करून ते बघत होते. बोट ऐकत होती.

सून ते बघत राहिली. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, इतका की तिला ओरडावंसं वाटलं. आठवडाभर आपण सगळे जण या माणसाला बसवायला जागा शोधत होतो. मऊ जागा, मधली जागा, पट्ट्याची जागा. त्याला कशात बसायचंय हे विचारलं, पण काय करायचंय हे कुणी विचारलंच नाही!

"अण्णा, तुम्ही इकडे या. माझ्या जागी."

त्यांनी मुठीवरून हात काढला. "नको. तेवढ्यापुरतं धरलं. हे काही एका हाताचं काम नाही. आणि माझा उजवा हात—"

"उजव्या हाताचं काय अडलंय इथे?" पुढून काकूंचा तो जगप्रसिद्ध आवाज आला. "उजव्या कडेला बसायचं आणि दांडा डाव्या हाताने धरायचा. आमचे मालक डाव्यानेच धरायचे, मी डाव्यानेच धरते. सगळेच डाव्याने धरतात! उजवा हात असतो टोपी धरायला."

अण्णांनी आपला डावा हात वर उचलून पाहिला, तळवा, मग मागची बाजू.

"सगळेच?" त्यांनी विचारलं.

"सगळे म्हणजे सगळे!"

जागा बदलताना बोट जराही डगमगली नाही. अण्णा मागच्या फळीवर उजव्या कडेला बसले, पाण्यावर आयुष्यात पहिल्यांदा पुढे तोंड करून. उजवा हात मांडीवर ठेवला. डावा दांड्यावर गेला. मग त्यांनी मूठ पिळली, आणि जी पिळली ती विचारू नका. भिंगरी मागे कोलमडली आणि "अजून! अजून!" करत उठली. बोटीने तळ्याच्या मधोमध एक मोठा गोल काढला, मग दुसरा, उलटा. नवरा फळीला दोन्ही हातांनी घट्ट धरून हसत होता. काकू ओरडत होत्या, "पेट्रोलचे पैसे वेगळे पडतील हं!" आणि अण्णांचे मूठभर पांढरे केस वाऱ्याने उभे राहिले होते. ते हसत नव्हते. चेहरा गंभीर होता, कामात बुडालेल्या माणसाचा. पहिल्यांदा एखाद्या महागड्या कापडाला कात्री लावताना त्यांचा असा चेहरा व्हायचा. सुनेला हुंदका आवरेना आणि तिने तो आवरलाही नाही.

धक्क्यावर सासूबाई बर्फाच्या लादीशी उभ्या होत्या. एका गिऱ्हाइकाला बर्फ देता देता त्यांनी तळ्याकडे पाहिलं आणि त्या तशाच राहिल्या. गिऱ्हाईक दोनदा "बाई, बर्फ" म्हणालं. बर्फाचं पाणी त्यांच्या कोपरावरून ओघळत होतं.

"अहो!" बोट जवळ आल्यावर त्या ओरडल्या. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण बोलणं नेहमीचंच. "ऊन लागेल, टोपी तरी घाला डोक्यावर!"

"टोपी धरायला हात मोकळा आहे माझा," अण्णा म्हणाले आणि बोट धक्क्याला अलगद लावली.

मग सगळे एकदम बोलायला लागले. नवरा फळ्यांवर हात फिरवत होता. "नुसत्या फळ्या! एकही गादी नाही! म्हणजे सगळं माझ्या हातात. निळं कापड घेतो, पाणी न शोषणारं. आणि उरलेल्या पैशांत आईचं छप्पर होईल, कमान लावून कॅनव्हास ताणतो." भिंगरीने जाहीर केलं की इंजिनाची दोरी यापुढे तीच ओढणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, डब्याला झाकणाची पेटी चालेल. चारांपैकी तीन पक्षांचा असा पाच मिनिटांत निकाल लागला.

चौथा पक्ष जरा बाजूला जाऊन उभा राहिला. दातांच्या डॉक्टरला फोन करायचा होता. तिने नंबर लावला आणि वाजेपर्यंत डोळे मिटले, तर ते लाल अंग, ती काच, तळहाताला बिलगलेलं ते काळं चामडं, सगळं जसंच्या तसं समोर. वाईट वाटलं तिला. खोटं कशाला बोला, चांगलंच वाईट वाटलं. "डॉक्टर, त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाका," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर मात्र छातीत इतकं हलकं वाटलं की तिने तिथेच एक उडी मारली.

वळली तर अण्णा उभे.

"तुला चाक हवं होतं ना ग?"

"हवं होतं."

"मग?"

"माझं चाक रोज सकाळी डेपोत माझी वाट बघत असतं, अण्णा. त्याचाच कंटाळा यायला लागलाय कधीकधी."

हे खरं नव्हतं आणि अण्णांना ते माहीत होतं. त्यांनी डाव्या हाताने तिच्या डोक्यावर एक टपली मारली, आणि काकूंशी भाव करायला गेले. पेट्रोलचे पैसे त्यांनी अजिबात दिले नाहीत.

पुढच्या सुट्टीला सकाळी सकाळी सगळे धक्क्यावर हजर. अण्णा तर कुणी उठायच्या आधीपासून जाकीट घालून दाराशी बसले होते. भिंगरीने दोरी ओढली. सासूबाई नवी चप्पल पिशवीत घालून अनवाणी बसल्या. नवरा फळीची मापं घेत होता. आणि सूनबाई सगळ्यात पुढे, टोकाच्या फळीवर.

आता आली पंचाईत. तिला पुढे बसता येईना. पुढे म्हणजे हातात काहीतरी हवं. हात कुठे ठेवावे कळेना. मांडीवर ठेवले तर ते आपोआप गोल व्हायचे. एक होडी आडवी गेली तेव्हा तिचा पाय पत्र्यावर दणकन आपटला, ब्रेक शोधत. आरसा नव्हता, त्यामुळे दर मिनिटाला मान वळवून मागे बघायचं. इतक्या वर्षांत तिने हजारो माणसांना कुठून कुठून कुठे कुठे नेलं होतं. तिला कुणी कधी नेलं होतं, ते तिला आठवेना.

खांबांची ओळ दिसायला लागली. तिला राहवलं नाही.

"अण्णा, उजवीकडे खांब आहेत बरं का. जरा डावीकडून घ्या. आणि वेग—"

"बाई," मागून आवाज आला, खणखणीत. "बसमध्ये पाटी असते, वाचली नाहीस? चालकाशी बोलू नये."

सगळी बोट हसली. नवरा तर मोजपट्टी पाण्यात पडेपर्यंत हसला. तीही हसली, हसता हसता तिच्या डोळ्यांपुढे ते खांब, ते पाणी सगळं धूसर झालं, आणि तिला ते पुसावंसंही वाटलं नाही. काही बघायचं नव्हतंच तिला. तिने पाय लांब केले, हात दोन्ही बाजूंनी पाण्यात सोडले आणि मान मागे टाकून बसून राहिली. अण्णांनी मूठ पिळली. बोट खांबांच्या डावीकडून, अगदी बरोबर, पुढे निघून गेली.